कॅनोला पेरणीची यंत्रे व पद्धती

कॅनोला पेरणी म्हणजे मोहरी कुळातील कॅनोला या तेलबिया पिकाचे बारीक बी ठरावीक खोलीवर, ठरावीक अंतरावर आणि पुरेशा ओलाव्यात जमिनीत पाडण्याची क्रिया होय. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे सस्कॅचेवान, अल्बर्टा व मॅनिटोबा येथे, या पेरणीसाठी एअर ड्रिल, तबकडीचे पेरणीयंत्र, एकेक बी टाकणारा प्लँटर आणि बी फोकणारी यंत्रे वापरली जातात. प्रेअरी भागात पेरलेल्या बियांपैकी सरासरी ५० ते ६० टक्के बियांचीच रोपे होतात. संकरित बियाणे महाग असल्यामुळे पेरणीच्या यंत्राचे मोल मुख्यतः एका गोष्टीवरून ठरते: ते टाकत असलेल्या बियांपैकी किती बियांची जोमदार व एकसमान रोपे होतात.

पार्श्वभूमी

कॅनोला हे रेपसीड या जुन्या तेलबियेपासून निवडपद्धतीने तयार केलेले पीक आहे. मॅनिटोबा विद्यापीठातील बाल्डुर स्टेफान्सन आणि सस्कॅटून येथील कीथ डाउनी या पैदासकारांनी तेलातील इरुसिक आम्ल व पेंडीतील ग्लुकोसिनोलेट ही दोन्ही अनिष्ट द्रव्ये कमी असलेले वाण विकसित केले. असा पहिला वाण ‘टॉवर’ १९७४ मध्ये प्रसारित झाला. ‘कॅनोला’ या नावाची नोंदणी १९७८ मध्ये झाली. कॅनोला म्हणवून घेण्यासाठी तेलात इरुसिक आम्ल २ टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते.

कॅनडात अलीकडील वर्षांत सुमारे ८० ते ९० लाख हेक्टर क्षेत्रावर हे पीक घेतले जाते व त्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र सस्कॅचेवान प्रांतात असते. पेरणी एप्रिलच्या अखेरीपासून मे अखेरपर्यंत आणि काढणी मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. हंगाम आखूड असल्याने पेरणीतील चूक सुधारण्यास फारसा वेळ मिळत नाही.

बियाण्याच्या मूलभूत गरजा

कॅनोलाचे बी गोल असून त्याचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर असतो. हल्लीच्या संकरित वाणांच्या हजार बियांचे वजन बहुधा ४ ते ६ ग्रॅम भरते. एवढ्या लहान बियांत साठवलेले अन्न थोडे असल्याने कोंबाला जमिनीच्या जाड थरातून वर येता येत नाही. म्हणून पेरणीची शिफारस केलेली खोली केवळ १.२५ ते २.५ सेंटिमीटर आहे. यापेक्षा खोल पडलेले बी उशिरा उगवते किंवा वाटेतच मरते. वरच राहिलेले बी पृष्ठभाग सुकताच कोरडे पडते.

उगवताना कॅनोलाची दोन्ही बीजपत्रे जमिनीवर येतात आणि वाढीचा कोंब त्यांच्यामध्ये उघडा असतो. गव्हाचा वाढबिंदू सुरुवातीचे काही आठवडे जमिनीखाली सुरक्षित राहतो. कॅनोलाला हे संरक्षण नसते. कडक थंडीने किंवा किडीने हा कोंब नष्ट झाल्यास रोप पुन्हा फुटत नाही. पिसू भुंगेरे ही या अवस्थेतील प्रमुख कीड आहे. त्यांपासून बचावासाठी बियाण्यावर कीटकनाशकाचा लेप दिलेला असतो, परंतु त्याचा प्रभाव मर्यादित काळच टिकतो. उगवण लांबली तर रोप कोवळे असतानाच हे संरक्षण संपते. त्यामुळे सर्व रोपे लवकर व एकाच वेळी वर येणे महत्त्वाचे ठरते.

कॅनोलाचे बी सुमारे २ अंश सेल्सिअस तापमानातही रुजू शकते, मात्र त्यास बराच वेळ लागतो. जमिनीचे तापमान किमान ५ अंश असावे असे मानले जाते. १० अंशांच्या आसपास उगवण लक्षणीय वेगाने होते. तापमानाइतकाच वरच्या थरातील ओलावा निर्णायक असतो. मराठी शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तशी ओल बी पडते त्या उथळ थरातच असावी लागते आणि वसंत ऋतूतील वाऱ्याने तोच थर सर्वांत आधी सुकतो.

यंत्रांचा विकास

एका पात्रातून अनेक नळ्यांमध्ये बी सोडून एकाच वेळी अनेक ओळी पेरण्याची कल्पना जुनी आहे. महाराष्ट्रातील पाभर व तिफण यांत पेरणारी व्यक्ती चाड्यात मुठीने बी सोडते आणि ते नळ्यांतून फणांमागे पडते. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास यांत्रिक पेरणीयंत्र तयार केले. या दोहोंत बी स्वतःच्या वजनाने खाली येते. त्यामुळे पेटी फणांच्या वरच असावी लागते व यंत्राच्या रुंदीला मर्यादा पडते.

ही मर्यादा हवेच्या झोतामुळे दूर झाली. ऑस्ट्रेलियातील अल्बर्ट फस याने १९५६ मध्ये हवेच्या साहाय्याने बी वाहून नेणारे पेरणीयंत्र तयार केले. मागाहून कॅनडाच्या विस्तीर्ण शेतांत हीच पद्धत रूढ झाली. एका मोठ्या टाकीतून १८ मीटर किंवा त्याहून रुंद यंत्राच्या प्रत्येक फणापर्यंत बी व खत पोहोचवणे तिच्यामुळे शक्य झाले.

दुसरा बदल मशागतीत झाला. १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी प्रेअरीवरील नांगरटीचे धोके दाखवून दिले होते. तणनाशके परवडू लागल्यावर आणि धसकटांतून पेरणी करणारी यंत्रे उपलब्ध झाल्यावर, विशेषतः १९९० च्या दशकापासून, विनानांगरट शेती वेगाने पसरली. सस्कॅचेवानमधील इंडियन हेड येथील शेतकरी जिम हॅलफर्ड यांनी विकसित केलेल्या ‘कॉन्झर्वा पॅक’ यंत्रात खताचा फण पुढे, बियाण्याचा फण मागे आणि प्रत्येक ओळीला खोली ठरवणारे स्वतंत्र दाबचाक अशी रचना होती. ही यंत्रपद्धती २००७ मध्ये जॉन डीअर कंपनीने विकत घेतली. १९९५ पासून तणनाशक-सहनशील कॅनोला आल्यावर पेरणीपूर्व मशागतीची गरज आणखी कमी झाली.

यंत्रांचे प्रमुख प्रकार

एअर सीडर व एअर ड्रिल

दोन्ही यंत्रांत टाकीखालचे मापक रोलर बी मोजून हवेच्या प्रवाहात सोडतात. पुढे वितरक तो प्रवाह विभागून फणांकडे जाणाऱ्या नळ्यांत पाठवतो. एअर सीडरमध्ये फण एका सलग सांगाड्यावर बसवलेले असतात व खोली संपूर्ण सांगाड्याच्या उंचीवरून ठरते. जमीन उंचसखल असल्यास एका टोकाला बी खोल तर दुसऱ्या टोकाला उथळ पडते. गव्हाला हा फरक बराचसा सोसतो, कॅनोलाला सोसत नाही.

एअर ड्रिलमध्ये ओळींमागे दाबचाके असतात. अनेक आधुनिक नमुन्यांत प्रत्येक फण स्वतंत्रपणे वरखाली होतो आणि त्याची खोली त्याच्याच दाबचाकावरून ठरते. ओळींतील अंतर बहुधा २३ ते ३० सेंटिमीटर असते. धान्य, कडधान्य व कॅनोला ही सर्व पिके आणि त्यांची खते एकाच यंत्राने व एकाच फेरीत पेरता येणे हा या यंत्राचा सर्वांत मोठा लाभ आहे. एकाच ओळीत दोन बियांमधील अंतर मात्र असमान राहते, कारण हवेच्या झोतात बिया पुंजक्यांनी येतात.

चाकूसारखा फण व तबकडी

जमिनीत चर पाडणारा भाग कसा आहे यावरही उगवण अवलंबून असते. चाकूसारखा अरुंद फण धसकट व पाचट बाजूला सारून ओळीपुरती जमीन उघडी करतो. अशी काळी पट्टी थंड वसंतात लवकर तापते. याच्या चराजवळ खताचा वेगळा पट्टा देणेही सोपे जाते. परंतु अशा फणाला ओढण्यास अधिक शक्ती लागते, जमिनीची ओल काही प्रमाणात उडते आणि वेग वाढल्यास मागील रांगेतील फणांनी उडवलेली माती पुढच्या रांगेच्या ओळींवर पडते. परिणामी पुढच्या ओळींतील बी नियोजित खोलीपेक्षा अधिक खाली जाते.

तबकडीचे यंत्र जमीन कापून अगदी कमी माती हलवते. त्यामुळे ओल टिकते, खोली एकसारखी राहते आणि वेग थोडा अधिक ठेवता येतो. त्याची अडचण पाचटाची आहे. ओलसर पाचट कापले न जाता तबकडीखाली दुमडून चरात दाबले जाते आणि बी मातीऐवजी त्यात अडकते. ओल्या चिकणमातीत चराच्या भिंती लिंपल्यासारख्या घट्ट होतात व चर नीट मिटत नाही. म्हणून तबकडीचे यश आदल्या हंगामात काढणीयंत्राने भुसा व पाचट शेतभर किती सारखे पसरवले यावर अवलंबून असते.

एकेक बी टाकणारा प्लँटर

मका, सोयाबीन व साखरबीट यांसाठी वापरला जाणारा प्लँटर कॅनोलासाठीही वापरला जातो. यात छिद्रे असलेली चकती हवेच्या निर्वात किंवा दाबाने एकेक बी पकडून ठरावीक अंतराने सोडते. प्रत्येक ओळीच्या एककाला स्वतःची खोलीमापक चाके असल्याने खोली अतिशय अचूक राहते. उगवणीचे प्रमाण वाढल्यास बियाणे वाचते, हे त्याचे मुख्य आकर्षण आहे.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ओळींतील अंतर बहुधा ३८ ते ५६ सेंटिमीटर असल्याने पिकाची सावली जमिनीवर उशिरा पडते व तणांना वाव मिळतो. ओळी विरळ असल्याने प्रत्येक ओळीत बी दाट पडते. त्यामुळे बियांजवळ सुरक्षितपणे देता येणारे खत कमी होते. नत्र बहुतेकदा वेगळ्या फेरीत द्यावे लागते. शिवाय कॅनोलाचे झाड मोकळी जागा मिळताच फांद्या वाढवून ती भरून काढते. या गुणामुळे दोन झाडांतील अंतर अचूक राखण्याचा लाभ मक्याइतका मिळत नाही. ज्यांच्याकडे मका किंवा बीटसाठी प्लँटर आधीच आहे त्यांना तो कॅनोलासाठी वापरणे परवडते. केवळ कॅनोलासाठी तो विकत घेण्याचे गणित बियाण्याच्या बचतीवर बसवावे लागते.

फोकून पेरणी

अतिपावसाने जड यंत्रे शेतात जाऊ शकत नसतील तेव्हा बी पृष्ठभागावर फोकून हॅरोने हलकेसे मातीआड केले जाते. क्वचित प्रसंगी विमानानेही बी टाकतात. काम झपाट्याने उरकते, पण काही बी वर उघडे राहते तर काही खोल जाते. उगवण टप्प्याटप्प्याने होते आणि पुढे फवारणी व काढणीची योग्य वेळ ठरवणे अवघड जाते. यासाठी बियाणे अधिक लागते. ही नेहमीची पद्धत नसून अडचणीतील पर्याय समजली जाते.

तुलना

| पद्धत | खोलीची अचूकता | ओळींतील अंतर | मुख्य लाभ | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|---|
| सलग सांगाड्याचा एअर सीडर | कमी | २० ते ३० सेंमी | साधी रचना, जलद काम | उंचसखल जमिनीत असमान खोली |
| स्वतंत्र फणांचा एअर ड्रिल | चांगली | २३ ते ३० सेंमी | सर्व पिके व खते एकाच फेरीत | बियांतील अंतर असमान |
| तबकडीचे पेरणीयंत्र | चांगली ते उत्तम | १९ ते ३० सेंमी | माती कमी हलते, ओल टिकते | जड पाचट व ओली चिकणमाती |
| प्लँटर | उत्तम | ३८ ते ५६ सेंमी | बियाण्याची बचत | खत देण्यास अडचण, रुंद ओळी |
| फोकून पेरणी | अतिशय कमी | ओळी नाहीत | ओल्या शेतातही शक्य | असमान उगवण, जादा बियाणे |

बियाण्याचे प्रमाण

दरवर्षी ठरावीक किलो बियाणे पेरण्याची प्रथा कॅनोलाच्या बाबतीत फसवी ठरते, कारण बियांचा आकार वाणागणिक व पोत्यागणिक बदलतो. म्हणून अपेक्षित रोपसंख्येवरून प्रमाण काढले जाते. प्रेअरीवर चौरस मीटरमागे सुमारे ५५ ते ८५ रोपे हे उद्दिष्ट मानले जाते. सूत्र असे आहे:

हेक्टरी बियाणे (किलो) = चौरस मीटरमधील अपेक्षित रोपे × हजार बियांचे वजन (ग्रॅम) ÷ अपेक्षित उगवण (टक्के)

उदाहरणार्थ, ७० रोपे हवी असतील, हजार बियांचे वजन ५ ग्रॅम असेल व उगवण ६० टक्के धरली, तर ७० × ५ ÷ ६० = सुमारे ५.८ किलो बियाणे लागते. वजन ४ ग्रॅम असल्यास हेच प्रमाण ४.७ किलो, तर ६ ग्रॅम असल्यास ७ किलो होते. याउलट, ५ ग्रॅमच्याच बियाण्याची उगवण ६० वरून ८० टक्के झाली, तर ५.८ ऐवजी सुमारे ४.४ किलो पुरतात. कॅनडात मिळणारे २२.७ किलोचे पोते पहिल्या स्थितीत सुमारे ३.९ हेक्टरला पुरते आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे ५.२ हेक्टरला. यंत्राची अचूकता व बियाण्याचा खर्च यांचा संबंध या फरकातून स्पष्ट होतो.

अपेक्षित उगवण हा या सूत्रातील सर्वांत अनिश्चित आकडा आहे. पाकिटावरील उगवणक्षमता ९० टक्क्यांहून अधिक असली तरी ती प्रयोगशाळेतील असते. शेतातील प्रत्यक्ष आकडा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात, स्वतःच्या यंत्रामागे रोपे मोजूनच मिळतो.

खताची जागा

कॅनोलाचे बी खताच्या क्षारांना व अमोनियाला फार संवेदनशील आहे. नत्राची मोठी मात्रा बियाण्यासोबत दिल्यास कोवळे मूळ जळते. म्हणून नत्र बियाण्याच्या बाजूला व खाली काही सेंटिमीटरवर, किंवा दोन ओळींच्या मधोमध पट्ट्यात दिले जाते. स्फुरद मात्र थंड जमिनीत रोपाला लवकर मिळावे म्हणून त्याची थोडी मात्रा बियाण्याजवळ देतात.

बियाण्यासोबत किती खत सुरक्षित आहे हे यंत्रावरही अवलंबून असते. ओळीत बी ज्या रुंदीत पसरते तिला ओळींतील अंतराने भागल्यास जमिनीचा किती भाग वापरला गेला ते कळते. २५ सेंटिमीटर अंतरावर २.५ सेंटिमीटर रुंद ओळ असेल, तर हा वाटा केवळ १० टक्के असतो; ओळ ५ सेंटिमीटर रुंद असल्यास २० टक्के. वाटा जितका कमी, तितके खत बियाण्याभोवती दाट साठते. हलक्या व कोरड्या जमिनीत हा धोका वाढतो.

वेग, हवा आणि दाब

एकच यंत्र वेगवेगळ्या प्रकारे चालवल्यास उगवणीत मोठा फरक पडू शकतो. कॅनोलासाठी ताशी ६.५ ते ८ किलोमीटर वेग सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो. वरील उदाहरणातील प्रमाणाने व २५ सेंटिमीटर अंतराने पेरताना ताशी ८ किलोमीटर वेगाला प्रत्येक फणातून दर सेकंदाला ६० हून अधिक बिया पडतात. वेग वाढला की फण उसळतो, माती दूर उडते आणि खोलीतील फरक वाढतो.

पंख्याचा वेग बी व खत नळीत अडकणार नाही इतपतच ठेवला जातो. हवेचा जोर जास्त झाल्यास बी वितरकावर आपटून फुटते किंवा चरातून उसळून बाहेर पडते. दाबचाकांचा दाब कोरड्या जमिनीत अधिक व ओल्या चिकणमातीत कमी ठेवावा लागतो. अन्यथा पावसानंतर ओळीवर पापडी धरते व कोंब खालीच अडकतो.

खोलीची तपासणी एका ठिकाणी करून भागत नाही. पुढच्या व मागच्या रांगेतील फण, ट्रॅक्टरच्या चाकांमागील ओळी आणि यंत्राची दोन्ही टोके अशा सर्व जागी माती उकरून बी कुठे पडले ते पाहिले जाते. शेत बदलल्यास ही तपासणी पुन्हा करतात. क्लबरूट हा मुळांना गाठी आणणारा रोग मातीतून पसरतो व तो अल्बर्टातील कॅनोलात २००३ मध्ये आढळला. त्यामुळे बाधित भागात एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यापूर्वी यंत्रावरील माती काढणे हाही पेरणीचा भाग झाला आहे.

रोपांची मोजणी व दुबार पेरणी

पेरणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी रोपे मोजली जातात. सुमारे ५६ सेंटिमीटर व्यासाचे कडे जमिनीवर टाकून आतील रोपे मोजली व त्यांस ४ ने गुणले की चौरस मीटरमधील संख्या मिळते. शेतात अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढतात. तिला पेरलेल्या बियांच्या संख्येने भागल्यास उगवणीची खरी टक्केवारी हाती येते आणि पुढील वर्षीचे बियाण्याचे प्रमाण तिच्यावरून ठरवता येते.

रोपे विरळ दिसली तरी दुबार पेरणीचा निर्णय लगेच घेतला जात नाही. चौरस मीटरमागे सुमारे २० निरोगी रोपे शेतभर सारखी पसरलेली असतील, तर फांद्या वाढवून ती बरीच तूट भरून काढतात. जूनमध्ये पुन्हा पेरलेले पीक शरदातील थंडीत सापडण्याचा धोका असतो. विरळ पीक मात्र उशिरा व असमान पिकते आणि त्यावर तणांचा व किडींचा ताण अधिक पडतो.

इतर देशांतील पद्धती

ऑस्ट्रेलियात कॅनोला हिवाळी पीक असून एप्रिल-मे महिन्यांत पेरले जाते. कमी पावसाच्या भागांत पहिल्या पावसापूर्वीच कोरड्या जमिनीत पेरणी केली जाते. चाकूसारखे फण व दाबचाके यांचा वापर तेथे सर्रास होतो. कोरड्या भागांत बियाण्याचे प्रमाण प्रेअरीच्या तुलनेत बरेच कमी असते. जर्मनीसह उत्तर युरोपात हिवाळी रेपसीड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरतात. पिकाला वाढीस दीर्घ काळ मिळत असल्याने तेथे रोपसंख्या कमी ठेवली जाते व साखरबीटचे प्लँटरही वापरले जातात.

भारतात कॅनोला दर्जाची गोभी सरसों मुख्यतः पंजाब व लगतच्या राज्यांत घेतली जाते. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने तिचे ‘जीएससी ६’ व ‘जीएससी ७’ हे वाण दिले आहेत. पेरणी ऑक्टोबरमध्ये ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत केली जाते. सुमारे तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले जाते. रोपे तयार करून त्यांची पुनर्लागणही करतात. प्रेअरीवर जी अचूकता यंत्राकडून साधावी लागते, ती येथे जादा बी पेरून व नंतर हाताने विरळणी करून साधली जाते. शेताचा आकार, मजुरीचा दर आणि बियाण्याची किंमत यांनुसार प्रत्येक प्रदेशाने आपली पद्धत निवडली आहे. उथळ व समान खोली, बियाण्याभोवती ओल आणि खतापासून अंतर या गरजा मात्र सर्वत्र त्याच आहेत.